निशाणी बांगडीची

माझ्या वडिलांचं अक्षर महाडच्या कचेरीत सगळे ओळखत. त्यांच्या कामाच्या शेवटच्या दोन वर्षांत ते अक्षर मी काढत होते, हे मात्र महाडात आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. बाहेरचेही अण्णाच म्हणत. कचेरीच्या पडवीत, पायऱ्या चढून गेलं की डाव्या हाताला, त्यांची सतरंजी आणि उतरतं मेज असे. तिथे बसून लोकांचे अर्ज, खरेदीखतं, वाटणीपत्रं आणि मृत्युपत्रं लिहून द्यायची, हा त्यांचा धंदा. ती सरकारी नोकरी नव्हती. तिथे बसायचा परवाना होता आणि तो दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. खेड्यातून आलेला माणूस आपली हकिगत सुरू करतो ती हरवलेल्या बैलापासून किंवा मेलेल्या चुलत्यापासून. अण्णा त्याला अडवत नसत. सगळं ऐकून घेत, मग दोन प्रश्न विचारत, आणि त्या दोन उत्तरांतून अर्ज तयार होई. लोकांना वाटे त्यांची करामत लेखणीत आहे. ती कानात होती, म्हणूनच डोळे गेल्यावरही धंदा दोन वर्षं चालला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुंबईला जाऊन काढून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण अण्णांच्या ओळखीचे एक गृहस्थ मोतीबिंदू काढायला गेले आणि डोळा घालवून परत आले, तेव्हापासून त्यांनी तो विषय बंद केला. उजेड आणि अंधार त्यांना कळे. समोर माणूस आहे हे कळे. तो कोण, हे आवाजावरून कळे. कचेरीचा रस्ता पायाखालचा होता. तिथे बसून ते ऐकून घेत आणि "स्वच्छ प्रत उद्या घेऊन जा" म्हणत. घरी आल्यावर ते सगळं तोंडपाठ सांगत आणि मी लिहीत असे. दस्त तेव्हा मोडीत लिहायचे. मला मोडी त्यांनीच शिकवली होती, त्यामुळे माझं वळण आपोआप त्यांच्यावर गेलेलं. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव घालायची पद्धत असे; तिथे मी 'दस्तुर वामन विठ्ठल, मुक्काम महाड' असं त्यांच्याच झोकात ओढत असे. पूर्वी ते माणसाच्या समोरच लिहून देत. आता एक दिवस घेऊ लागले, म्हणून लोक म्हणत, अण्णा हल्ली जास्त विचार करून लिहितात. त्या दोन वर्षांत त्यांचं काम वाढलं.

मी बारा-तेरा वर्षांची होते. शाळेतून आलं की हातपाय धुवायचे, आईनं दिलेली भाकरी खायची आणि माजघराच्या खिडकीशी बसायचं, कारण दिवेलागणीनंतर लिहिलेलं सरळ येत नसे. घराच्या मागे तांबटांची दोन घरं होती. त्यांच्या हातोड्यांचा ठोका दिवसभर चाले, आणि अण्णा नकळत त्या ठोक्यावर सांगत: 'लिहून ठेवितो ऐसा जे', ठोका, 'माझे पश्चात', ठोका. तांबट जेवायला उठले की अण्णांचं वाक्य अडे. आई स्वयंपाकघरात कुळथाचं पिठलं ढवळत असे, पण कान दाराकडे. कुणी आलं तर ती म्हणायची, "अनू, चुलीकडे बघ जरा." हा इशारा. मी उठून आत जायची आणि अण्णा बोरू हातात घेऊन बसायचे. एकदा त्यांनी तो उलटा धरला होता आणि आलेला खोत बराच वेळ बोलून गेला तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. लोक येताना काहीबाही आणत. पोलादपूरकडून वरी, नाचणी, ओल्या काजूची मूठ, बंदराकडून सुके बोंबील. पाहुणा गेल्यावर आई आधी पिशवी बघायची आणि मग विचारायची, "काय म्हणत होता?"

शाळेत मला शिकवलं ते बरंचसं मी विसरले. त्या खिडकीत बसून शिकले ते विसरलेले नाही. एका मोटार ड्रायव्हरनं कशेडीच्या घाटात गाडी चरात घातली होती. त्याचं म्हणणं, ताडीचा वास येत होता तो शेजारी बसलेल्या उतारूचा. अण्णांनी त्याला दोन प्रश्न विचारले आणि अर्जातून ताडी हा शब्द काढून टाकायला सांगितलं. मुंबईला पोलिसांत भरती व्हायला निघालेल्या मुलांना आपल्यावर मागचा गुन्हा नाही असा दाखला लागे, त्याचे अर्ज. सावत्र भावांचे, विहिरीच्या पाण्याचे, सामाईक फणसाचे अर्ज. बहुतेकांना सही येत नसे. मग ते निशाणी करत. शेतकऱ्याची निशाणी नांगराची, सुताराची वाकसाची, बाईची बांगडीची. बाई विधवा असली तर अण्णा बांगडी लिहीत नसत, फुली लिहीत. अंगठा उठवायची पद्धत आली होतीच, पण ज्या कागदाला नोंदणी लागत नाही त्यावर जुनी निशाणीच चाले.

भागूबायचा निरोप आला तो माघात. ही उमरठच्या पलीकडच्या एका वाडीतली साठीची विधवा. नवरा गेल्यावर ती लहान मुलाला घेऊन मुंबईला गेली, आपल्या भागातल्या गिरणी कामगारांसाठी दहा वर्षं खाणावळ चालवली, आणि परत येऊन स्वतःच्या नावावर भाताची दोन खाचरं घेतली. घरही तिनंच बांधलं. हे महत्त्वाचं, कारण नवऱ्याकडून आलेलं असतं तर विधवेला ते मृत्युपत्रानं देता आलं नसतं. तिला आता चढ चढवत नव्हता, म्हणून अण्णांनीच यावं, असा निरोप. अण्णा एकटे जाणं शक्य नव्हतं. आई म्हणाली, "मुलीला घेऊन रानावनात कुठे जाता?" अण्णा म्हणाले, "मग तू चल." आईनं भाकऱ्या बांधून दिल्या. पोलादपूरपर्यंत आम्ही सर्व्हिस मोटारीनं गेलो आणि मुक्काम करून सकाळी चालत निघालो. अण्णांचा हात माझ्या खांद्यावर. वाटेत भेटणाऱ्यांना वाटलं, बाप प्रेमळ आहे.

घरात भागूबाय होती आणि तिची सून चंद्रा. मुलगा, धोंडू, मुंबईला. त्यानं तिथे दुसरं बिऱ्हाड केलं होतं आणि सहा वर्षांत वाडीत पाऊल टाकलं नव्हतं. सून इकडे सासूबरोबर शेत करत होती. चंद्रानं आम्हाला नाचणीची भाकरी, तव्यावर भाजलेला बोंबील आणि ताक दिलं. भागूबाय भिंतीला टेकून बसली होती. बारीक बाई, आवाज मात्र खाणावळीचा.

"अण्णा, तोंडानं सांगून ठेवलं तर नाय चालायचं?" तिनं विचारलं.

"पूर्वी चालत होतं. आता कायदा बदलला. कागद पाहिजे, त्यावर तुमची खूण पाहिजे, आणि खूण माझीच असं दोन साक्षीदारांना सांगायला पाहिजे."

"माजा सासरा तोंडानं सांगून गेला. त्याचं चाललं."

"तेव्हा चाललं."

"मंजे मरताना बोलायची पन सोय नाय ऱ्हायली." ती भिंतीवरून पाठ उचलून सरळ बसली. "लिवा. दोन खाचरं नि ह्ये घर, चंद्रीला. धोंड्याला काय नाय. त्याला खायाला घातलंय मी, त्याच्यासंगं पन्नास गड्यांना घातलंय. त्याचं जेवून झालंय."

चंद्रा चुलीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "आत्याबाय, त्याला येक तरी खाचर..."

"तू गप ऱ्हा गो. तुला इचारलं नाय."

साक्षीदार म्हणून वाडीचा पाटील आणि शाळेचे मास्तर ठरले होते. मास्तरांची शाळा सुटल्यावर दोघं येणार होते. ते यायच्या आत लिहून संपवायचं, म्हणजे कोण लिहितं हे त्यांना दिसणार नाही, असा अण्णांचा बेत. मी मागच्या दाराच्या उजेडात बसून लिहिलं. शेवटी निशाणीची जागा आली तेव्हा अण्णा म्हणाले, "अंगठा देता का? जास्त पक्कं होतं."

"अंगठा नाय द्यायची."

"का?"

"माज्या भावाचा घेतला हुता पोलिसांनी. अंगठा कशाला, धाच्या धा बोटं घेतली. मग कुठं कोंबडी गेली तरी पैला त्याला उचलायचं. येकदा का बोट सरकारात गेलं का मानूस चोर. मी नाय द्यायची."

"हा कागद पोलिसांकडे जात नाही, भागूबाय."

"आज नाय जात."

अण्णांनी ते सोडून दिलं. म्हणाले, "बरं, मग फुली मारू. विधवा बाईची फुली असते."

"फुली? रानखात्याची मानसं झाडावर मारतात, तोडायच्या, तसली? मी काय तोडायचं झाड हाय? बायकांची बांगडी असती ना? मग माजी बांगडी काढा. ही काय हातात हाय."

खरंच होती. डाव्या हातात पितळेची एकच बांगडी, एका बाजूनं चेपलेली. मी चेपलेल्या जागेकडे बघते आहे हे तिला दिसलं. "मुंबईला चाळीच्या नळावर येकीशी भांडले, तवा दगडावर आपटली," ती म्हणाली. "मालक मेल्यावर लोक बोलले, बांगडी काढ. काच हुती ती फोडली की. ही पितळंची, माज्या पैशाची, त्यांच्या नावाची नव्हं. काढायची कशाला?"

अण्णा म्हणाले, "काढा बांगडी." तिनं हाताला तेल लावून ती उतरवली, कागदावर ठेवली, आणि बोरू चमचा धरावा तसा मुठीत धरला. "दाब गो पोरी, सरकंल," ती मला म्हणाली. मी दोन बोटांनी बांगडी दाबून धरली आणि तिनं आतल्या कडेनं बोरू फिरवला. पितळेवर बोरू करकरला. एका ठिकाणी शाई सांडली. बांगडी उचलल्यावर कागदावर वर्तुळ उरलं, एका बाजूनं चपटं. शेजारी मी लिहिलं, 'भागूबाई हिची निशाणी बांगडीची'. आणि खाली, सवयीनं, अण्णांचं नाव.

संध्याकाळी पाटील आणि मास्तर आले. अण्णांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि पाठ म्हणून दाखवला; तो उलटा नव्हता एवढी काळजी मी घेतली होती. पाटलानं कागद घेतला, निशाणी बघितली आणि हसला. "भागूबाय, आता ह्या वयात बांगडी कुणाच्या नावाची गो?"

"माज्याच नावाची. मीच काढलीय. तू सही कर."

दोघांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. चढाच्या वाटेवर अण्णा म्हणाले, "बाई चुकीचं काही बोलली नाही." मला वाटलं ते अंगठ्याबद्दल बोलत आहेत. आता वाटतं, फुलीबद्दल असेल.

भागूबाय गेली भाद्रपदात. त्याच पावसाळ्यात मास्तरही तापानं गेले. धोंडू दिवसांना आला आणि परत गेलाच नाही. महाडला येऊन त्यानं वकील धरला आणि दावा लावला, की मृत्युपत्र बनावट आहे, त्याच्या आईनं ते केलेलंच नाही. पाटील त्याच्या बाजूला गेला. का गेला ते मी चौकशी करून शोधलेलं नाही. खाचरं पाटलाच्या बांधाला लागून होती, एवढं सांगते. कोर्टात त्यानं सांगितलं, भागूबाय आपल्यासमोर अक्षरही बोलली नाही, अण्णांनी सही कर म्हटलं म्हणून केली. एक साक्षीदार मेलेला, दुसरा उलटलेला. उरले अण्णा. त्यांची साक्ष टिकली तर चंद्रा घरात राहणार, नाही तर तिला दुसऱ्या दिवशी बाहेर पडावं लागणार. तिचं माहेर मोडलेलं होतं. जायला जागा नव्हती.

साक्षीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी दुपारच्या जेवणावर बोलणं झालं. आई म्हणाली, "अक्षर तुमचंच आहे म्हणून सांगा. खोटं काय त्यात? तुम्ही सांगितलं, हिनं उतरवलं."

"शपथ घ्यावी लागते," अण्णा म्हणाले.

"आणि परवाना गेला तर? आणि ही कोर्टात उभी राहिली तर हिला करून कोण घेईल?"

अण्णांनी भात कालवला, तो बराच वेळ कालवत राहिले. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तू कोर्टात काही बोलायचं नाहीस. मला पोचवायचं आणि बाहेर बसायचं." मी हो म्हटलं. मला त्या वेळी भीती वाटली होती का, असं माझ्या मुलीनं मध्ये विचारलं. नाही वाटली. मला वाटत होतं, मोठी माणसं असतात ती हे सगळं निस्तरायलाच असतात.

कोर्टात त्यांना पिंजऱ्यापर्यंत नेऊन मी बाहेर ओसरीत, खिडकीखाली बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. चंद्राच्या वकिलानं आधी विचारलं, "हा कागद कुणी लिहिला?" अण्णा म्हणाले, "खाली माझं नाव आहे." वकील नवखा होता, पुढे गेला. मग अण्णांनी अंगठ्याची, फुलीची, बांगडीची हकिगत क्रमानं सांगितली. पाटील काय बोलला, भागूबाय काय बोलली, तेही शब्दाला शब्द. झाडावरच्या फुलीला कोर्टात हशा झाला. मग धोंडूचे वकील उठले. हे महाडातले चांगले वकील. अण्णांकडून त्यांनी स्वतःही कागद लिहून घेतले होते.

"अण्णा, किती वर्षं लिहिता?"

"सव्वीस."

"सव्वीस वर्षांत विधवेची निशाणी बांगडीची, असं किती वेळा लिहिलंत?"

"एकदाच. ह्या कागदावर."

"माझे अशील शपथेवर सांगून गेले आहेत, की वडील वारल्यापासून आईच्या हातात बांगडी नव्हती. तुम्ही म्हणता होती, आणि ती कागदावर ठेवून बाईनं स्वतः निशाणी काढली. काढताना तुम्ही पाहिलंत?"

सोपा प्रश्न होता. वकिलांना डोळ्यांचं काही माहीत नव्हतं. ते नेहमीचा प्रश्न विचारत होते, आणि अण्णा हो म्हणतील असंच धरून पुढचा प्रश्न तयार ठेवत असावेत. बाहेर एक बैलगाडी गेली, तिचा आवाज पूर्ण जाईपर्यंत अण्णा थांबले.

"नाही," ते म्हणाले. "मी ऐकलं. पितळेवर बोरू वाजतो तो. पाहिलं नाही. मला दिसत नाही साहेब, दोन वर्षं झाली."

"मग हा कागद लिहिला कुणी?"

"माझ्या मुलीनं. निशाणी काढताना बांगडी तिनंच धरली होती. ती बाहेर खिडकीखाली बसली आहे."

मला आत बोलावलं. पिंजरा माझ्या हनुवटीपर्यंत आला. सबजज्ज साहेबांनी मला वय विचारलं, खरं आणि खोटं यातला फरक विचारला, शपथ दिली, आणि एक वाक्य सांगून मोडीत लिहायला लावलं. मी लिहिलं, खाली सवयीनं 'दस्तुर वामन विठ्ठल' लिहू लागले आणि थांबले. साहेबांनी तेवढंच मृत्युपत्राशेजारी धरून पाहिलं. मग धोंडूचे वकील म्हणाले, ही मुलगी बाहेर बसून सगळं ऐकत होती, हिच्या साक्षीला काय अर्थ. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि विचारा म्हणाले.

"काय सांगायचं ते वडिलांनी शिकवलं ना तुला?"

"हो."

वकील खूश झाले. "काय शिकवलं?"

"कोर्टात काही बोलू नकोस, असं."

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी मृत्युपत्र माझ्यापुढे सरकवलं. "ही निशाणी बांगडी ठेवून काढली म्हणतेस. मग ती गोल का नाही?"

"बांगडी चेपलेली होती."

"कशानं?"

"मुंबईला चाळीच्या नळावर भांडण झालं, तेव्हा दगडावर आपटली, असं त्या म्हणाल्या."

धोंडू पुढच्याच बाकावर बसला होता. टोपी मांडीवर, अंगात मुंबईचा कोट. तो हसला. शेजारच्या माणसाकडे वळून म्हणाला, "शेवंतीसंगं रे. हंडा कुणाचा पयला त्याच्यावरनं. मी पायरीवर हुतो. आयेच्या हातातनं रगत..." आणि थांबला.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही पायरीवर होता? किती वर्षांचे?"

त्याला उत्तर द्यावं लागलं. आठ-नऊ वर्षांचा होता. वडील त्याच्या पाचव्या वर्षी गेले होते, हे तो आदल्या दिवशी स्वतःच सांगून गेला होता. साहेबांनी तेही लिहून घेतलं. वकिलांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. धोंडू खाली मान घालून टोपीची कड चाचपत बसला. मला तेव्हा तो हरला याचा आनंद झाला. आज त्या माणसाचा चेहरा आठवला की जिंकण्या-हरण्याशी त्याचा संबंध लागत नाही. त्याची आई नळावर भांडत होती आणि तो पायरीवर बसून बघत होता, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं.

निकाल चंद्राच्या बाजूनं लागला. अण्णांचा परवाना त्या वर्षी नवा करून मिळाला नाही. यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. लिहायचं एकानं आणि नाव घालायचं दुसऱ्याचं, हे करू नका म्हणून तेच लोकांना सांगत आले होते. सतरंजी आणि मेज मी आणि आईनं कचेरीतून घरी आणलं. आई आठ दिवस आमच्याशी बोलली नाही. भांड्यांचे आवाज तेवढे वाढले. माझ्या लग्नाबद्दल तिला वाटलेली भीती मात्र फुकट गेली. पुढे मला सांगून आलेल्या गृहस्थांनी ती हकिगत ऐकलेली होती, आणि मुलगी बघायच्या वेळी त्यांनी गाणं म्हणायला न सांगता चार ओळी मोडीत लिहायला सांगितल्या. हे लग्न टिकलं.

पडवी गेली तरी माणसं थांबली नाहीत. ती आता मागच्या दारानं घरी येऊ लागली. अण्णा आत खाटेवर बसून ऐकत, दोन प्रश्न विचारत, मी लिहीत असे. आता इशाऱ्याची गरज उरली नव्हती, तरी कुणी आलं की आई सवयीनं म्हणायची, "अनू, चुलीकडे बघ," आणि मग स्वतःच जाऊन बघायची.

चंद्रा आली ती पुढच्या पावसाळ्याच्या आधी. खाचरं आपल्या नावावर लावून घ्यायचा अर्ज द्यायचा होता. उमरठहून चालत आणि पोलादपूरहून मोटारीनं आली, ओसरीत बसून आधी तांब्याभर पाणी प्यायली. येताना वरीचे तांदूळ आणले होते; आईनं पिशवी न बघताच आत नेली. अण्णांनी तिला विचारलं, धोंडू काय करतो. "मंबईला गेला," ती म्हणाली. "जाताना वाडीत आला हुता. दारात उभा ऱ्हायला. जेवशील का म्हनलं, तर नाय म्हनला." एवढंच. अण्णांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

मी अर्ज लिहिला. शेवटी निशाणीपाशी येऊन 'बांगडीची' लिहायला लेखणी टेकवली, कारण तिचा नवरा जिवंत होता आणि हातात काचेच्या बांगड्या होत्या. तिनं माझा हात धरला.

"काय लिवतेस?"

"निशाणी. बांगडीची."

"नको. ह्या त्याच्या हायत." तिनं हात पुढे केला, बांगड्या वाजल्या. "आत्याबायची तिच्या पैशाची हुती. माजी इळ्याची काढ."

"चंद्राबाई, विळ्याची निशाणी बाईची नसते," आतून अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे, मी कधी लिहिली नाही."

तिनं बोरू घेतला आणि स्वतःच विळा काढला. एक वाकडी रेघ, खाली मुठीसाठी एक आडवी. मी शेजारी लिहिलं, 'चंद्राबाई हिची निशाणी विळ्याची'.

"खाली नाव कुणाचं घालतेस?" अण्णांनी विचारलं.

"माझं."

"लिही. आणि मोठ्यानं वाच."

मागचे तांबट जेवायला उठले होते, त्यामुळे घर शांत होतं. मी लिहिलं आणि वाचलं, दस्तुर अनसूया वामन, मुक्काम महाड. अण्णांनी हात पुढे केला, मी कागद दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, सवयीनं, आणि शाई वाळली आहे का ते बोटानं पाहिलं.